हलकी, मध्यम, भारी : एका सहीसाठी वऱ्हाडात

मी अमरावतीला निघालेय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला मनसोक्त घाबरवून घेतलं. एक म्हणाली, तिकडचं पाणी बाधतं. दुसरी म्हणाली, पाण्याचं सोड, तिखट बाधतं. तिसरीने नुसताच उसासा टाकला, कारण त्या वर्षांत वऱ्हाडचं नाव निघालं की पुण्यात उसासा टाकायची पद्धतच पडली होती. पेपर उघडावा तर तिकडची एक तरी वाईट बातमी असायचीच. त्यामुळे मीही सुतकी चेहऱ्याने बॅग भरली. परत आले तेव्हा ब्लाउज दंडात घट्ट झाले होते, आणि तीस वर्षं जपलेली माझी अब्रू मी अकोल्यात एका झेरॉक्सच्या दुकानात ठेवून आले होते. तरी मी गाडीत एकटीच हसत होते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी जागा बदलली.

मी शेतीविज्ञानाच्या एका त्रैमासिकात नोकरी करते. हुद्दा सहसंपादक, काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. हे काम अंगात भिनतं. लग्नाची पत्रिका हातात पडली की मी आधी चुका वाचते, मग मुहूर्त. तर त्या वर्षी आमच्या संपादकांना ओपन ॲक्सेसचं वारं लागलं. जिथे जावं तिथे तोच शब्द. अर्थ साधा: संशोधनाचा लेख इंटरनेटवर ठेवायचा, त्याला कुलूप लावायचं नाही, ज्याला हवा त्याने फुकट वाचावा. तोवर आमचे अंक कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत जायचे, तिथे काचेच्या कपाटात बसायचे. कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. परदेशी नियतकालिकांची तर तऱ्हाच न्यारी, लिहिणाऱ्याला स्वतःचाच लेख वाचायचा तरी पैसे मोजा.

तेव्हा आपले सगळे जुने अंक मोकळे करायचे, असं ठरलं. त्यासाठी प्रत्येक लेखकाची संमतीची सही हवी. मी ढीगभर पत्रं पाठवली. सह्या आल्या, जे लेखक देवाघरी गेले होते त्यांच्या मुलांच्याही आल्या. एकच फॉर्म सहीविना परत आला. अमरावतीच्या निवृत्त प्राध्यापिका सुमन इंगोले. फॉर्मवर लाल शाईत आडवी ओळ होती: ‘नाही. आधी माझं पत्र वाचा.’

पत्र कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसातली सगळी कपाटं उपसली, पत्र काही मिळालं नाही. संपादक म्हणाले, “जाऊन या. सही मिळाली तर उत्तम, नाहीतर तो लेख वगळून टाकू.” लेख होता संत्र्याच्या ताणावर. बहर धरायच्या आधी संत्र्याच्या झाडाचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेने कासावीस होतं, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी लहडून जातं. किती दिवस तोडायचं ते जमिनीवर ठरतं. बाईंनी ते बागेत उभं राहून मोजलं होतं आणि त्याचं कोष्टक केलं होतं. असा लेख आमच्याकडे दुसरा नव्हता. तो गाळायचा हे माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी निघाले.

अमरावती

इंगोले बाई स्टेशनवर मला न्यायला आल्या होत्या, मोपेडवर. वय सत्तरीला टेकलेलं, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला मफलर. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, “बसा मांगं. सामान पायाशी ठेवा. आधी काही खाऊन घेऊ. उपाशीपोटी भांडण बराबर होत नाई.”

वर्गात आयुष्यभर पुस्तकी मराठी बोलल्या म्हणे, आणि रिटायर झाल्या त्या दिवशी संध्याकाळी ती सोडून दिली. “आता मले कोण मार्क देणार हाय?”

पहिला पडाव एका गाडीवर. तिथे गिला वडा मिळतो: उडदाचा नरम वडा, त्यावर दही, त्यावर चटणी, आणि त्या चटणीवर माझे दोन्ही डोळे. पुण्यात आम्ही तिखट विचारून घालतो. इथे कुणी विचारत नाही, घातल्यावर बघतात. मी नाक पुसत दुसरी प्लेट मागितली तेव्हा बाईंच्या नजरेत मला पहिल्यांदा किंचित किंमत आली.

घरी गेल्यावर त्यांनी एक फाईल काढली. “पत्र. चार पाठवले मी. एकाचंही उत्तर नाई. ही कार्बन कॉपी घ्या अन् वाचा.”

मी वाचलं. आणि गिला वडा जिथे होता तिथेच थांबला.

बाईंच्या कोष्टकात जमिनींचा क्रम होता: भारी, मध्यम, हलकी. काळ्या मातीच्या मुलखात भारी जमीन आधी येते, त्यात नवल काही नाही. छापताना मात्र वरची शीर्षकं झाली होती हलकी, मध्यम, भारी. खालचे आकडे जिथल्या तिथेच. भारी जमिनीत ओल टिकते, म्हणून तिथे ताण जास्त दिवस द्यायचा, मुरमाड हलकीत थोडेच दिवस. छापलं गेलं बरोब्बर उलटं. त्या कोष्टकाप्रमाणे हलक्या जमिनीतल्या झाडाचं पाणी तोडलं, तर ते फुलत नाही, वाळतं.

हे कुणी केलं ते मला लगेच आठवलं. आमच्या ऑफिसचा एक नियम आहे: जमिनी नेहमी चढत्या क्रमाने लिहायच्या, हलकीपासून भारीकडे. सगळ्या अंकांत एकसारखं दिसलं पाहिजे. बाईंकडून प्रूफ तपासून आल्यानंतर, अगदी शेवटच्या दिवशी, छापखान्यात उभं राहून एका चोख, टापटिपीच्या मुद्रितशोधक बाईने ती तीन शीर्षकं नियमात बसवली होती. त्याबद्दल तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. ती बाई म्हणजे मी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तोंडात अजून चटणी आहे, असं मी स्वतःला समजावलं.

बाई म्हणाल्या, “तुमी सारं फुकट वाटून राहिले, लय चांगली गोष्ट हाय. पण मग चूकही फुकटच वाटल्या जाईन ना? आतालोग कपाटात बंद होती थेच बरं होतं.”

मी संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, “वीस वर्षांनी दुरुस्ती? पुरावा काय? मूळ नोंदी दाखवायला सांगा.” मूळ वह्यांचा तर एका पावसाळ्यात माडीचं छत गळून लगदा झाला होता. पण बाईंना लेखाच्या पंचवीस सुट्या प्रती मिळाल्या होत्या, तशी तेव्हा पद्धत होती. त्यांनी लगेच प्रत्येक प्रतीवर शीर्षकांना शाईने बाण काढले, मागच्या कोऱ्या पानावर वहीतल्या नोंदी उतरवल्या, तारीख घालून सही केली आणि सगळ्या वाटून टाकल्या. त्यातली एक जरी सापडली तरी काम होतं. एक त्यांच्या धाकट्या भावाकडे गेली होती, मोर्शीला.

रात्री जेवताना त्यांनी मला आपल्या मेलचे प्रिंट दाखवले. जगातल्या कुठल्या कुठल्या मासिकांची त्यांना आमंत्रणं येत होती: ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो आहोत, चार दिवसांत छापतो, फी पाठवा.’ एकाने त्यांना हृदयरोगावर लिहायला बोलावलं होतं. बाईंनी उत्तर दिलं होतं की हृदय मले फक्त स्वतःचं माहीत हाय, अन् थे सध्या ठीक हाय.

मोर्शी

एसटीतून उतरलो तेव्हा वसंतभाऊ बैलगाडी घेऊन उभे होते. हे बाईंचे भाऊ. बाग दीड कोसावर. आंबियाची, म्हणजे हिवाळ्यात फुललेल्या बहराची, संत्री नुकतीच तोडून झालेली, आणि मृगाची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या बहराची, हिरवी फळं अजून झाडांवर. पुण्यात आम्ही संत्रं दाबून बघतो, वास घेतो, डझनावारी घासाघीस करतो. इथे मी “केवढ्याला?” असं नुसतं सहज विचारलं तर वसंतभाऊंना वाईट वाटलं. झाडावर राहिलेली चुकार आंबियाची फळं त्यांनी माझ्या ओंजळीत टाकली, मग ओच्यात, मग माझ्या पर्समध्ये. मी एका जागी बसून सात खाल्ली. आठव्याला बाईंनी हात धरला.

जेवायला रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पेपर वाचून मी ज्या मुलखाला यायला घाबरले होते तिथे मला कुणी ताटावरून उठू देत नव्हतं. अडचणी काय थोड्या होत्या? विहिरीचं पाणी दरवर्षी खाली चाललंय हे वसंतभाऊंनी सांगितलं, शेजारची अख्खी बाग तोडलेली दाखवली. पण ते बोलताना त्यांनी माझ्या वाटीत आणखी तूप ओतलं.

“प्रत कुठी हाय रे वसंता?” बाईंनी विचारलं.

“थे तं नेली अकोल्याच्या शेतकी कॉलेजच्या एका पोट्ट्यानं. झेरॉक्स मारून आणतो म्हणे. आला नाई परत.” मग माझ्याकडे वळून ते हसले. “मी बी काही जपलं नव्हतं म्हणा. ताई सांगे, उलटं छापलं हाय, बाण पाह्य. मी म्हटलं, ताईची सवयच हाय चुका काढाची. पुण्याच्या लोकांनी छापलं हाय, थे काय उलटं छापतीन? तिकडल्या मुरमाड तुकड्यात छापल्यापरमानं पाणी तोडलं. सारी ओळ वाळली.”

त्यांनी हात केला तिकडे मी बघितलं. त्या ओळीत आता लहान झाडं होती, पुरुषभर उंचीची. कित्येक वर्षं तिथे नुसती तूर पेरली, मग धीर करून पुन्हा संत्रा लावला. औंदा पहिला मृग धरला होता, बाईंच्या तोंडी हिशेबाने. “आता मी छापलेलं काही आयकत नाई,” वसंतभाऊ म्हणाले, “बहिणीचंच आयकतो.” आणि ते इतके मोकळे हसले की मला तिसरा रोडगा गिळवेना. मला त्या आरात तोंड खुपसावंसं वाटत होतं.

“काय व, पोट भरलं?” बाईंनी विचारलं. मी मान हलवली.

मूर्तिजापूर, ठरवलेलं नसताना

अकोल्याला जाताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. बाई एकदम उठल्या. “चाला, शकुंतला पाहून घेऊ.” शकुंतला म्हणजे इथून निघणारी ती जुनी, चिमुकल्या रुळांची गाडी. मी म्हटलं, आपली गाडी सुटेल. त्या म्हणाल्या, इथी लय वेळ थांबते. आम्ही अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा आमची गाडी लय वेळ न थांबता निघून गेली. सामान आमच्या हातात होतं तेवढंच नशीब. शकुंतलेचंही दर्शन झालं नाही, ती यवतमाळकडे गेलेली. दोन बायका रिकाम्या रुळांकडे बघत उभ्या होत्या. मग बाईंना हसू आलं, त्यांचं बघून मला आलं, आणि आम्ही बाकावर बसून पोट धरून हसलो.

पुढचा प्रवास काळीपिवळी जीपमधून झाला. नऊ जणांच्या जागेत आम्ही किती होतो ते मोजायला मान वळवता येत नव्हती. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोबीची पिशवी होती आणि बाईंच्या मांडीवर अर्धी मी.

“तू चांगली हायेस व,” बाई माझ्या कानात म्हणाल्या. तुमीची तू झाले होते. “मले वाटलं, पुण्याहून कोणी कडक बाई येईन, नियम सांगणारी.”

सांगायची हीच वेळ होती. मी कोबी घट्ट धरला.

अकोला

शेतकी कॉलेजसमोर झेरॉक्सच्या दुकानांची ओळ आहे. त्यातलं सगळ्यात जुनं रफिकभाईंचं. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोटं शाईने काळी. मागच्या भिंतीभर फळ्या आणि त्यांवर सुतळीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर उर्दूत चिठ्ठी. मी विचारलं, हे काय?

“मास्टर,” रफिकभाई म्हणाले. “कोणी बी कायची बी झेरॉक्स मारली, की एक जास्त काढून ठेवतो. म्हणजे पुढल्या पोट्ट्याले ओरिजनल शोधाले फिरा लागत नाई. अब्बांपासून चालू हाय. उर्दूत काहून, तर बाजूवाल्याले समजू नये.”

मी आ वासून त्या भिंतीकडे बघत राहिले. पुण्यात आमच्या चार बैठका, दोन परिसंवाद आणि एक ठराव झाला होता, ज्ञान सर्वांना मोकळं कसं करावं यावर. इथे सुतळी बांधून ते केव्हाच झालं होतं.

बाईंनी विचारलं, “संत्र्याच्या ताणावरचा लेख हाय काय? जुना?”

“इंगोले बाई?” ते स्टुलावर चढलेसुद्धा. “ये तो चलता माल है. दरसाल जाते. कोणचा देऊ, बाणवाला का बिगरबाणाचा?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

“दोन हायेत,” रफिकभाई वरूनच म्हणाले. “एक कॉलेजच्या लायब्ररीतला, बिगरबाणाचा. पण तो कोणी नेत नाई. पोट्टे सांगतात, चाचा, तो गलत हाय, त्यानं झाडं मरतात. बाणवालाच पाहिजे.”

गठ्ठा खाली आला. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरं फिकी पडली होती, पण शीर्षकांवरचे बाण ठळक होते, कुणीतरी वेळोवेळी पुन्हा गिरवलेले. मागच्या पानावर बाईंच्या हातच्या नोंदी: जमीन, झाड, दिवस. खाली तारीख आणि सही. आमच्या तज्ज्ञांनी, संपादकांनी आणि मी जे पकडलं नाही, ते अकोल्याच्या पोरांनी पकडलं होतं आणि चुकीची प्रत घ्यायलाच नकार देऊन मोडीत काढली होती.

“ह्याच इंगोले बाई,” मी म्हणाले. रफिकभाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्टुलावरून खाली उतरले. “मले तं वाटे, इंगोले बाई म्हणजे कोणी पुराने जमाने के लोग असतीन,” ते म्हणाले. मग आत ओरडून त्यांनी चहा आणि नानकटाई मागवली आणि बाईंसाठी स्वतःची खुर्ची पुसली.

बाई खुर्चीत बसल्या. तो कागद मांडीवर ठेवून त्यावरून त्या हात फिरवत राहिल्या. आता मात्र मला राहवेना.

“बाई, ती शीर्षकं मी बदलली होती.”

त्यांनी वर बघितलं. मी सगळं सांगितलं: नियम, छापखाना, माझं मला वाटलेलं कौतुक. वसंतभाऊंची वाळलेली ओळ माझ्याच खात्यावर, हेही सांगितलं. रफिकभाईंनी उगाचच मशिनचं झाकण उघडून आत बघायला सुरुवात केली.

बाईंनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “कवापासून माहीत होतं तुले?”

“परवापासून. पत्र वाचलं तेव्हापासून.”

“म्हणजे माह्या भावाचे रोडगे खाल्ले थे माहीत असून?”

“दोन खाल्ले. तिसरा गेला नाही.”

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “किती वर्सं झाली तुले या कामाले?”

“तीस.”

“अन् चुका किती?”

“परवापर्यंत एकही नव्हती.”

तेव्हा बाई हसल्या, पण डोळे पुसत हसल्या. मला वाटलं सुटले. कुठली सुटते? “दुरुस्ती छापसीन त्यात काय लिहिसीन?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमची पद्धत आहे, ‘अनवधानाने चूक झाली’ असं लिहायची.

“अनवधान म्हणजे कोण?” बाई म्हणाल्या. “वीस वर्सं त्या चुकीखाली माहं नाव होतं. लेखाखाली माहं नाव हाय, तं चुकीखाली जिचं हाय तिचं पाहिजे. थे प्रूफ मले पाठव. पाहीन, मग सही करीन. नाईतर गाळा लेख. बाणवाला इथी हायेच.”

रफिकभाईंनी मशिनमधून तोंड काढलं. “मॅडम, म्हणजे हे आता नेटवर फुकट भेटन?”

मी म्हटलं, हो, बाईंनी सही केली तर.

“भेटू द्या,” ते म्हणाले. “प्रिंट काढाले तं माह्याकडंच येतीन.” आणि आमच्यासाठी त्यांनी मास्टरची एक प्रत काढली. पैसे घेतले नाहीत.

परत आल्यावर संपादकांना पुरावा पटला, पण दुरुस्तीतला माझं नाव असलेला मजकूर काही पटेना. असं कुणी छापतं का, म्हणाले. मी म्हटलं, छापत नाहीत म्हणूनच वीस वर्षं लागली. ते चिडले, मीही चिडले, माझा आवाज चढला तसं बाहेरचं टायपिंग थांबलं. शेवटी प्रूफ गेलं. लेखाच्या वर, ठळक अक्षरांत: शीर्षकांचा क्रम मुद्रितशोधक वैद्य यांनी बदलला, लेखिकेचे मूळ कोष्टक पुढीलप्रमाणे. भारी, मध्यम, हलकी. ऑफिसचा नियम तेवढ्यापुरता मोडला.

मग काहीच आलं नाही. जानेवारी गेला. अंक मोकळे करायची तारीख ठरली आणि संपादक रोज माझ्या टेबलापाशी येऊन घसा खाकरू लागले. मी पोस्टमनला बघून उठायला लागले. बाईंना राग आला असणार, असं वाटून झोप लागेना.

फेब्रुवारी संपता संपता एक पाटी आली, वरून गोणपाट शिवलेली. आत कडबा, आणि कडब्यात दोन कागदी पिशव्या, एकीवर लाल शाईत ‘भारी’, दुसरीवर ‘हलकी’. दोन्हींत मृगाची संत्री. वर चिठ्ठी होती:

‘क्रम बदलू नको. आधी भारी खाय. हलकीतली वसंताच्या त्या ओळीतली हायेत, पहिलीच. प्रूफ बरोबर हाय.’

सगळ्यात खाली, कडब्यात घडी करून ठेवलेला संमतीचा फॉर्म. सही केलेला, लाल शाईत.

मी ऑफिसच्या टेबलावर कागद पसरला आणि सांगितल्याप्रमाणे आधी भारीतलं खाल्लं. मग हलकीतलं एक घेतलं, हातात धरून थोडा वेळ बसले आणि सोललं. किंचित आंबट होतं. मी काहीही दुरुस्ती सुचवली नाही.